ताई ची शिकायचंय? फी भरण्याआधी एक तास नुसतं बसून बघा

ताई ची म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, आज बरेच जण व्यायाम म्हणून करतात ती. पण 'आम्ही ताई ची शिकवतो' एवढ्यावर भागत नाही. कोणती शैली, ते विचारा. चीनच्या हनान प्रांतातलं चेनजियागोउ हे चेन शैलीचं गाव. तिच्यात संथ हालचालींच्या मधेच झटका येतो, पाय आपटतात, बैठकही खोल. तिथे शिकलेल्या यांग लूचान यांच्यापासून यांग शैली निघाली. आज सर्वांत जास्त दिसते ती हीच, एकसंध आणि रुंद हालचालींची. सुन शैलीत उभं राहणं उंच, पावलं छोटी, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांना ती सोसते. बऱ्याच वर्गांत सुरुवात होते ती १९५६ साली चीनमध्ये बसवलेल्या २४ हालचालींच्या क्रमाने. तो यांगवर बेतलेला आहे.

आता वर्ग बघताना शिक्षकांकडे नको, जुन्या विद्यार्थ्यांच्या गुडघ्यांकडे बघा. वजन पुढच्या पायावर जाताना गुडघा पावलाच्याच दिशेने राहतो का, की आत कलतो? आत कलत असेल आणि कोणी टोकत नसेल, तर तिथे पुढेमागे गुडघे धरणारच. दोघांनी हात टेकवून करायचा सराव, म्हणजे तुई शोउ, कधी होतो तेही विचारा. नुसत्या व्यायामासाठी जाणार असाल तर तो नसला तरी चालेल, पण 'स्वसंरक्षण शिकवतो' म्हणणाऱ्याकडे तो हवाच. न शिवता माणूस उडवून दाखवणारे गुरुजी भेटले, तर चपला घाला आणि निघा. वर्षाची फी आगाऊ मागणाऱ्यांकडे आधी महिन्याचीच भरतो म्हणा. कुरकुर झाली तर दुसरा वर्ग शोधा.