लावणीनंतर रोप पिवळे पडले? युरियाआधी मुळे पाहा

लावणी होऊन आठवडा-दहा दिवस झाले तरी भाताचे रोप अंग धरत नाही, पाने फिकट पडतात, नवा फुटवा दिसत नाही. अशा वेळी हात युरियाच्या पोत्याकडे जातो. थोडे थांबा. एक रोप मातीसकट अलगद उपटा, पाण्यात खळबळून धुवा आणि मुळे पाहा. निरोगी मुळे पांढरी असतात, जुन्या मुळांवर तांबूस लेप असतो. मुळे आखूड, तपकिरी, केसमुळांविना असतील आणि चिखलाला आंबूस किंवा खवट वास येत असेल, तर खताची उणीव नसून चिखलात सेंद्रिय आम्ले साचल्याची शक्यता जास्त.

खाचरात पाणी साचले की मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. ताजा पेंढा, धसकटे किंवा हिरवळीचे खत नुकतेच गाडलेले असेल, तर हवेविना जगणारे जिवाणू ते आंबवतात. त्यातून मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल तयार होते, सोबत थोडे प्रोपियॉनिक आणि ब्युटिरिक. ब्युटिरिक कमी असले तरी मुळांना अ‍ॅसिटिकपेक्षा जास्त घातक. मुळांची वाढ खुंटली की पालाश आणि स्फुरद मातीत असूनही रोपाला मिळत नाही.

आम्लयुक्त जमिनीत हा त्रास वाढतो. सामू (pH; तो जितका कमी तितकी जमीन आम्लयुक्त) 5 असताना अ‍ॅसिटिक आम्लाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग मुळाच्या पेशीत सहज शिरेल अशा रूपात असतो. सामू 6 झाला की तो जेमतेम 5 टक्के उरतो. थंड हवेतही आम्ले जास्त दिवस टिकतात, कारण त्यांचे पुढे मिथेन वायूत रूपांतर करणारे जिवाणू मंदावतात.

मोड आलेले बी चिखलावर फेकून पेरणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. प्राणवायूविना भाताचा कोंब लांबतो, पण मूळ वाढत नाही. त्यात आम्लांचा मारा बसला की रोप मातीत पाय रोवत नाही आणि पाण्यावर तरंगते. पेरणीनंतर सुरुवातीचे काही दिवस पाणी साचू न देता चिखल फक्त ओला ठेवा.

खरा उपाय लावणीच्या आधीच करायचा असतो. पेंढा गाडायचाच तर पाणी भरण्याआधी दोन-तीन आठवडे, जमिनीत ओल पण हवा खेळती असताना गाडा. नाहीतर कुजवून मगच घाला. ताजा पाला चिखलणीत तुडवून लगेच लावणी करू नका, आम्लांचा जोर पाणी भरल्यापासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच असतो.

लावणी आधीच झाली असेल, तर पाणी काढून खाचर तीन-चार दिवस मोकळे ठेवा. बारीक भेगा दिसू लागल्या की पुन्हा पाणी घ्या. जास्त सुकू दिलेत तर तणे उठतील. या काळात युरिया टाकू नका, कारण मोकळ्या जमिनीत त्याचे नायट्रेट होते आणि पाणी भरताच तो नत्र हवेत उडून जातो. पांढरी नवी मुळे फुटलेली दिसली की मगच खताचा हप्ता द्या.