विनाअपघात सेवेचा सत्कार आणि मिळवती मुले

एसटीत 25 वर्षे विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा महामंडळातर्फे सत्कार होतो, त्यांना बिल्ला दिला जातो आणि अनेकदा पत्नीलाही व्यासपीठावर बोलावले जाते. मुले मात्र तोवर नोकरीधंद्यासाठी बाहेरगावी गेलेली असतात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरचा फोटो पाहून त्यांना बातमी कळते. हा मान त्यांच्यासोबत अनुभवायचा असेल, तर थोडी तयारी आधीपासून करावी लागते.

तारीख समजताच मुलाला किंवा मुलीला स्वतः फोन करावा. हे काम आईवर सोपवू नये. असे कार्यक्रम बहुधा 26 जानेवारीला, 15 ऑगस्टला किंवा 1 जूनला, म्हणजे एसटीच्या वर्धापनदिनी होतात. 1948 मध्ये याच दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली होती. पहिल्या दोन दिवशी सर्वांनाच सुटी असते, 1 जूनला मात्र रजा टाकावी लागते, हे लक्षात घेऊन वेळेत कळवावे. ‘‘यायलाच पाहिजे’’ असा हुकूम नको, पण ‘‘काही विशेष नाही रे, सगळ्यांनाच देतात’’ असेही म्हणू नये. चालक मंडळींची ही जुनीच खोड आहे, आणि मुले ते खरे मानून घरीच राहतात. ‘‘तू आलास तर मला फार बरं वाटेल’’ एवढे साधे वाक्य पुरते.

खरी अडचण पुढे येते. डॉक्टर बरा झालेला रुग्ण दाखवू शकतो, गवंडी बांधलेले घर दाखवू शकतो. चालकाच्या हाती मात्र न घडलेले अपघातच असतात, आणि न घडलेली गोष्ट मुलांना दिसणार कशी? म्हणून ‘‘खूप कष्ट केले’’ असे मोघम बोलण्यापेक्षा एखादाच प्रसंग तपशिलाने सांगावा. आंबेनळी घाटात धुक्यामुळे पुढचे वळण दिसेना, तेव्हा प्रवासी कुरकुरत असतानाही गाडी बाजूला घेऊन का थांबलो. ब्रेकला हवा नीट धरत नाही म्हणून गाडी आगाराबाहेर काढायला नकार दिला, तेव्हा कोण काय बोलले. मुक्कामी गाडीवर रात्री झोप कशी लागे, हे सांगावे. असे ऐकले की मुलांना त्या बिल्ल्याचे मोल कळते.

हे ऐकताना मुलांच्याही आठवणी जाग्या होतील, आणि त्या सगळ्याच गोड नसतील. गणपतीत जादा गाड्यांवर असलेले बाबा, दिवाळीच्या पहाटे रिकामा राहिलेला पाट, शाळेच्या स्नेहसंमेलनात कधीच न दिसलेले बाबा, असे काही बाहेर आले तर ‘‘हे सगळं तुमच्यासाठीच केलं’’ हे उत्तर देऊ नये. ते खरे असले तरी त्याने बोलणे तिथेच तुटते. ‘‘हो, तेव्हा मी नव्हतो’’ असे मान्य करून पुढचे ऐकावे.

सत्काराच्या दिवशी तासभर आधी आगारात पोहोचावे. वर्षानुवर्षे सोबत ड्यूटी केलेले वाहक आणि कार्यशाळेतले यांत्रिक यांच्याशी मुलांची ओळख करून द्यावी, कारण वडिलांविषयी जे वडील स्वतः सांगणार नाहीत, ते ही माणसे हमखास सांगतात. ओळख करून देताना मुलाच्या पगाराचा किंवा हुद्द्याचा पाढा वाचू नये. आजचा दिवस तुमचा आहे.

मुलगी परदेशी असेल तर वेळेचे गणित आधीच मांडावे. 26 जानेवारीला इथे सकाळचे दहा वाजतात, तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, म्हणजे तिला जागे राहणे शक्य असते. फोन धरण्याचे काम मात्र एखाद्या तरुण सहकाऱ्याला सांगावे आणि भाषणे वगळून नेमक्या वेळी व्हिडिओ कॉल लावायला लावावा.

घरी परतताना मुलाला गाडी चालवता येत असेल तर चावी त्याच्याकडे द्यावी, आणि शेजारच्या सीटवर बसून क्लच-गिअरच्या सूचना देण्याचा मोह निदान त्या दिवसापुरता आवरावा.