व्हिडिओ अडकतोय? राउटर बंद-चालू करण्याआधी या चुका टाळा

चवथीत गावच्या आरतीचं लाइव्ह लावलं की मुंबईहून मेसेज येतोच, "नीट दिसत नाय रे". मग इथे कोणीतरी राउटर बंद करून चालू करतो, दुसरा केबलवाल्याला फोन लावतो, आणि नेमकं काय दिसत नाय ते कोणी विचारतच नाही.

पहिली चूक हीच. सुरू व्हायलाच वेळ लागतो, मधे मधे गोल फिरतं, चित्र धूसर येतं, की आवाज बरोबर पण चित्र झटके देतं? ही चार वेगळी दुखणी आहेत. गोल फिरतं म्हणजे डाउनलोड झालेला साठा संपला, पुढचा तुकडा वेळेवर पोचला नाही. धूसर म्हणजे बऱ्याचदा प्लेअरने नेट कमी पडतंय बघून स्वतःच क्वालिटी खाली आणली, ते अडकण्यापेक्षा बरंच. पण काही अँड्रॉइड फोनवर वाइडवाइन एल३ (व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणून असलेल्या कुलपाची खालची पातळी) असतं, त्यावर नेटफ्लिक्स ४८०पीच्या वर जातच नाही, मग घरात कितीही फायबर ओढा. आणि झटके बसत असतील तर बहुतेक वेळा फोन नाहीतर टीव्ही दमलाय, नेटचा दोष नाही.

हे अंदाजाने ठरवायची गरजच नाही खरं तर. कॉम्प्युटरवर यूट्यूब लावा, व्हिडिओवर राइट क्लिक करा, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. बफर हेल्थ (म्हणजे आधी डाउनलोड झालेला साठा) घसरत शून्याला येत असेल तर नेट किंवा वायफाय, बफर भरलेला आणि तरी ड्रॉप्ड फ्रेम्स (दाखवता न आल्याने गाळलेली चित्रं) वाढतायत तर मशीन. लाइव्हमध्ये मात्र बफर मुळातच थोड्या सेकंदांचा असतो, तो आकडा बघून घाबरू नका.

दुसरी चूक स्पीड टेस्ट. टेस्टचा सर्व्हर पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये किंवा जवळपास असतो, व्हिडिओ येतो दुसरीकडून, त्यामुळे टेस्टमध्ये १०० एमबीपीएस आणि पिक्चर अडकलेला, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजतं, म्हणून नेटफ्लिक्सची तक्रार असेल तर तेही बघा. नेटफ्लिक्सच्या हिशोबाने १०८०पीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस पुरतं, तेव्हा १०० असताना अडकत असेल तर २००चा प्लॅन घेऊन काय होणार?

आपल्याकडची जुनी घरं चिऱ्यांची, भिंती हातभर जाड, राउटर साल्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, आणि टीव्ही आतल्या खोलीत. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या भिंतीत मरतो, २.४ गिगाहर्ट्झचा पोचतो पण त्यावर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी. म्हणून आधी लॅपटॉपला लॅन केबल लावून तोच व्हिडिओ बघा, मग मोबाइल डेटावर. केबलवर चांगला चालला तर गोष्ट घरातलीच आहे, केबलवाल्याला उगाच शिव्या देऊ नका.

रील बघून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलणारे पण भेटतात. बऱ्याच सेवा तुमच्या डीएनएसवरून जवळचा सर्व्हर ठरवतात, तो बदलला की कधीकधी लांबचा मिळतो. बदलला असेल तर जुना परत लावून बघा, व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवून आणणारं ॲप) पण बंद करा.

लाइव्ह करणाऱ्यांसाठी एक सोपी खूण: सगळ्यांचं एकाच क्षणी थांबलं तर गडबड तुमच्या अपलोडमध्ये, एकट्याचंच थांबलं तर त्याच्या बाजूला. जत्रेत फोनच्या डेटावर लाइव्ह करता तेव्हा दुपारी टेस्ट छान येते, रात्री माणसं जमली की तोच टॉवर हजार फोनांत वाटला जातो. शक्य असेल तर देवळाच्या ऑफिसातून वायर ओढा, बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा व्हिडिओ डेटा) अपलोड स्पीडच्या निम्म्यावर ठेवा आणि कीफ्रेम (मधे मधे जाणारं पूर्ण चित्र) दर २ सेकंदांवर.

एवढं करूनही केबलवाल्याला फोन करायची पाळी आलीच तर "नेट स्लो आहे" एवढंच सांगू नका, त्यावरून त्याला काहीच कळत नाही. किती वाजता, कुठलं ॲप, वायरवर की वायफायवर, बाकीची ॲप्स चालतात का, हे सांगा. रात्री ९ ते ११ मध्येच होत असेल तर ते आवर्जून सांगा, कारण सकाळी माणूस येऊन बघेल आणि "सगळं ओके आहे" म्हणून जाईल.