शनिवारवाड्यातलं भूत बघायचंय? मग भर दुपारी जा

दर गणपतीत कोणी ना कोणी विचारतंच, की रात्री शनिवारवाड्यात जाता येतं का, अमावस्येला तिथे मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्यांचं "काका मला वाचवा" ऐकू येतं ते खरं का वगैरे. तर आधीच सांगतो, रात्री आत जाता येत नाही. संध्याकाळी वॉचमन शिट्ट्या मारत सगळ्यांना बाहेर काढतो आणि दार लावून घेतो. भिंतीवरून उडी-बिडी मारायचा प्लॅन असेल तर सोडून द्या, वाडा १९१९ पासून संरक्षित स्मारक आहे, पोलीस केस झाली तर ती भुतापेक्षा जास्त वर्षं मानगुटीवर बसेल.

आणि दुसरं म्हणजे रात्री जायचंच कशाला? नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला, तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे गणपतीचे दिवस, पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, आणि वेळ चक्क दुपारची. अमावस्या नाही, मध्यरात्र नाही, काही नाही. लोक जेवून लवंडायच्या बेतात असताना झालेलं प्रकरण आहे हे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, भूत बघायचं असेल तर त्याच्या टायमिंगला जा, साडेबारा-एकला पोचा.

जायचं कसं, तर गाडी घेऊन जाऊ नका. पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो आणि मूड पण. मेट्रोने मनपाला उतरा, नव्या पुलावरून नदी ओलांडून चालत या, समोर दिसतोच. कसबा पेठ स्टेशनवरून पण चालत येता येतं. तिकीट फार नाही. पाणी सोबत ठेवा, टोपी घाला, कारण आत सावली जवळजवळ नाहीच, आणि मे महिन्यात तर मी म्हणेन जाऊच नका, दगड असे तापतात की बसायची सोय नाही. पावसाळा संपता संपता बेस्ट, हिरवळ असते आणि तिथी पण तीच पडते, फक्त पायऱ्यांवर शेवाळ असतं तेवढं सांभाळा, चपलांऐवजी बूट घालून या.

दिल्ली दरवाज्यापाशी बहुतेक जण खिळ्यांसोबत सेल्फी काढून आत पळतात. जरा थांबा. ते खिळे हत्तीने धडक मारू नये म्हणून आहेत, आणि मोठ्या दाराच्या पोटात जो छोटा दिंडी दरवाजा आहे त्यातून वाकून जावं लागतं, म्हणजे आत येणाऱ्याची मान आधी आत येते, बघा विचार करून. आतल्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत, पार पुसट झालीत, डोळे अंधाराला सरावले की मग दिसतात.

आणि मग आत गेलात की बऱ्याच जणांचा पोपट होतो, कारण वाडा नाहीचे. बाग आणि जोती, बस. १० जानेवारी १७३० ला शनिवारी पाया घातला म्हणून शनिवारवाडा, पहिल्या बाजीरावाने बांधला, पुढच्या पेशव्यांनी वाढवत नेला, १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे हात टेकले, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली ती काही दिवस जळतच होती. लाकूडकाम सगळं गेलं. उरला तो दगडी तट, दरवाजे, बुरूज आणि जोती. लोक म्हणतात "काही बघण्यासारखं नाही", मला उलट वाटतं, कारण सगळ्या भिंती गेल्यामुळे तुम्हाला वरून अख्खा नकाशा दिसतो आणि पळणारा माणूस कुठून कुठे जाऊ शकला असता हे कळतं. म्हणून आधी तटावर चढा. जिना अरुंद आहे आणि पायऱ्या उंच, आजी-आजोबांना खालीच बसवा.

आता वर उभं राहून गोष्ट डोक्यात चालू करा. नारायणराव अठरा वर्षांचा, पेशवाई मिळून वर्ष सुद्धा झालेलं नाही. काका रघुनाथराव याच वाड्यात नजरकैदेत. गारदी, म्हणजे पेशव्यांचे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगारासाठी बोंबलत आत घुसले, कुठून तर एका दाराचं काम अर्धवट होतं तिथून, आणि ते नवं दार काढायचं कारण काय तर पेशव्यांना काकाच्या भागापासून वेगळी ये-जा हवी होती!! हे वाचल्यापासून मला ती किंकाळी वगैरे किरकोळ वाटायला लागली, खरं अंगावर येतं ते हे. पोरगा दालनातून दालनात पळत काकाकडेच गेला, मिठी मारली, आणि तिथून त्याला ओढून सुमेरसिंग गारद्याने मारला. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक त्याच्या अंगावर पडला वाचवायला, तोही गेला. लोक गोष्टीत चाफाजीला विसरतात, तुम्ही विसरू नका.

"ध चा मा" रघुनाथरावाच्या बायकोने, आनंदीबाईने केला हे आपण सगळे शाळेपासून ऐकतो, म्हणजे गारद्यांना दिलेल्या हुकुमात "धरावे"चं "मारावे". रघुनाथराव स्वतः म्हणत होते की मी धरायलाच सांगितलं होतं, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी तोंडावर सांगितलं की याला देहांत प्रायश्चित्तच. अक्षर बदलण्याचा सगळा बोल बाईवर ढकलून काका गोष्टीतून अलगद सुटतो असं मला तरी वाटतं, पण तो वेगळा विषय.

खाली उतरून दक्षिणेकडचा नारायण दरवाजा बघा, नारायणरावाचं शव इथून बाहेर काढलं म्हणून हे नाव असं सांगतात. मग हजारी कारंजं, सोळा पाकळ्यांचं कमळ. कारंज्यापाशी आणखी एक गोष्ट आठवा जी भूतवाले कधी सांगत नाहीत. खून झाला तेव्हा नारायणरावाची बायको गरोदर होती, एप्रिल १७७४ मध्ये मुलगा झाला, सवाई माधवराव. आणि हाच मुलगा २१ वर्षांचा असताना ऑक्टोबर १७९५ मध्ये याच वाड्यात माडीवरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांत गेला. बाप आणि मुलगा दोघं एकाच वाड्यात, आणि ओरडण्याचा मान फक्त बापाला, हे कोणी ठरवलं काय माहीत.

आत असताना मोबाईलवर हॉरर म्युझिक लावणारे ग्रुप भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. जोत्यांवर उड्या मारू नका, भिंतींवर नावं कोरणाऱ्यांना हटकायला लाजू नका. दोन तास पुरतात. निघताना कसबा गणपती करून या, जवळच आहे, गणेश दरवाजा त्याच्या बाजूलाच उघडतो.

आणि तरीही रात्रीची खाज असेलच तर बाहेर तटाला लागून उभे राहा, कोणी अडवत नाही. फक्त अनंत चतुर्दशीची रात्र निवडू नका, आम्ही कॉलेजात असताना निवडलेली. ढोल-ताशांनी स्वतःचा आवाज ऐकू येईना, भुताचा कुठला. मग पुढच्या अमावस्येला चौघं परत गेलो, बारा वाजून गेलेले, रस्ता बऱ्यापैकी शांत, आणि खरंच मागून खणखणीत आवाज आला "काकाSSS", आमच्यातला एक तर माझा हात धरून खाली बसला. वळून बघतो तर एक पोरगा चहाच्या टपरीवाल्याला विचारत होता, काका, दोन कटिंग मिळतील का. आम्ही पण चार घेतल्या.