‘हाउस’ म्हणजे घर? या चुका टाळा

शाळेत ‘हाउस म्हणजे घर’ असं एकदा घोकलं की बरीच मंडळी आयुष्यभर तेवढ्यावरच भागवतात. सोलापुरात भाषांतराची आणि पत्रव्यवहाराची कामं करताना हे माझ्या रोज नजरेला पडतं.

सगळ्यात महागात पडते ती ‘इन-हाउस’ची चूक. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांना परदेशी गिऱ्हाइकाने मेलवर विचारलं, ‘डाइंग (रंगाई) इन-हाउस आहे का?’ मालकांना वाटलं, हा आपल्याला घरात माग टाकून बसलेला समजतोय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरात माग असणं काही नवीन नाही, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. त्यांनी ठसक्यात कळवलं, ‘नो सर, नॉट इन हाउस. वी हॅव बिग फॅक्टरी.’ गिऱ्हाइकाने अर्थ घेतला की रंगाई बाहेरून करून घेतात. मग त्याने रंगाई करणाऱ्याची कागदपत्रं मागितली. मालक म्हणे, असा कुणी नाहीच. ऑर्डर लटकली आणि प्रकरण माझ्या टेबलावर आलं. ‘इन-हाउस’ म्हणजे काम बाहेर न देता आपल्याच कंपनीत करणं. एका ओळीचं उत्तर लिहून दिलं. मालकांचा राग तरी गेला नाही: ‘मग सरळ फॅक्टरीत करता का असं विचारायला काय झालं होतं त्याला?’

‘पब्लिशिंग हाउस’, ‘फॅशन हाउस’ इथेही हाउस म्हणजे संस्था, पेढी. ‘हाउस ऑफ विंडसर’ म्हणजे विंडसर घराणं. पहिल्या महायुद्धात जर्मन वाटणारं नाव नको म्हणून ब्रिटिश राजघराण्याने 1917 मध्ये हे नाव घेतलं. ‘विंडसरचं घर’ लिहिलं की वाचणारा बंगलाच शोधत बसतो.

मोबाइलच्या ॲपमध्ये मजकूर टाकायचा आणि येईल ते चिकटवायचं, ही घाई मला अजिबात खपत नाही. ‘घर तहकूब झाले’ हे वाक्य तसंच माझ्याकडे आलं होतं. बातमी विधिमंडळाची! तिथे हाउस म्हणजे सभागृह. लोकसभा खालचं, राज्यसभा वरचं. आपल्या राज्यात विधानसभा आणि विधान परिषद. मी आधी क्रियापद बघतो. तहकूब होणारं, ठराव मंजूर करणारं घर कुणी पाहिलंय? क्रियापद बसलं नाही की घराणं, संस्था, सभागृह, प्रेक्षक असे शब्द एकेक घालून बघायचे. ‘ब्रॉट द हाउस डाउन’ म्हणजे नटाने घर पाडलं असं नाही, प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आणि आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या दारावर आपण ‘हाउसफुल्ल’ची पाटी लावतो, इंग्रज त्याला ‘फुल हाउस’ म्हणतो.

‘ऑन द हाउस’ म्हणजे हॉटेलवाल्याकडून फुकट. छपराशी संबंध नाही.

उच्चार: नाम असेल तर शेवटी ‘स’. क्रियापदात आणि अनेकवचनात ‘झाड’मधला ‘झ’, म्हणजे ‘हाउझिझ’.

पत्रिकेतल्या ‘सेव्हन्थ हाउस’ला मात्र खुशाल सातवं घर म्हणा, ज्योतिषीही म्हणतात.

आणि ‘गो टू होम’ कृपा करून लिहू नका. ‘गो होम’ पुरे. ‘टू’ हवाच असेल तर ‘गो टू माय हाउस’.