सोलर पॅनल पोरांच्या हातात द्या, पण आधी आकडा लिहून घ्या

इंजिनिअरिंगच्या पोरांना तयार किट दिलं की ती वायरी जोडतात, एलईडी पेटवतात, फोटो काढतात आणि विसरून जातात. त्यापेक्षा १० वॅटचं ३६ सेलवालं साधं पॅनल, दोन मल्टिमीटर आणि एक ऱ्हिओस्टॅट (नॉब फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स) घ्या, बास.

आधी प्रत्येक ग्रुपने उन्हात किती वॅट मिळतील ते वहीत पेनाने लिहायचं, नंतर खोडाखोड चालणार नाही. बहुतेक जण १० च लिहितात कारण मागच्या स्टिकरवर तेच असतं. मग बाहेर जा, ऱ्हिओस्टॅट फिरवत व्होल्टेज-करंटची रीडिंग घ्यायला लावा आणि गुणाकार करून ग्राफ काढायला सांगा. पॅनल उघडं ठेवलं तर २१-२२ व्होल्ट दिसतात पण करंट शून्य, शॉर्ट केलं, म्हणजे दोन्ही टोकं थेट जोडली, की करंट भरपूर पण व्होल्टेज शून्य, आणि जास्तीत जास्त पॉवर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी, हे हाताने नॉब फिरवताना जे डोक्यात बसतं ते फळ्यावर नाही बसत.

पॉवर १० पेक्षा कमीच येणार. का? तर स्टिकरवरचा आकडा १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि सेल २५ डिग्रीला असतानाचा. उन्हात सेल ५५ च्या वर सहज जातो आणि दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के पॉवर कमी होते, म्हणजे नुसत्या तापण्यातच एक वॅटच्या वर गेला. पण हे तुम्ही सांगू नका हां, त्यांना पॅनलच्या मागे थर्मामीटर चिकटवू दे.

आता लोड चालू ठेवून एकच सेल पुठ्ठ्याने पूर्ण झाका. किती कमी होईल विचारलं तर ३६ पैकी एक, म्हणजे तीनेक टक्के असंच उत्तर येतं. प्रत्यक्षात बायपास डायोड (झाकलेल्या सेलच्या गटाला वळसा घालून करंट नेणारा) असला तरी मोठा हिस्सा जातो आणि नसेल तर जवळपास सगळंच! सिरीज सर्किट त्यांना शिकवलेलं असतंच, जरा वेळ भांडू दे आपापसात.

बॅटरी यानंतरच. पॅनल शॉर्ट केलेलं चालतं म्हणून पोरं बॅटरीही शॉर्ट करून बघतात, तेव्हा पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ फ्यूज लावल्याशिवाय हात लावू देऊ नका.

पवनचक्की शेवटी घ्या, वारा काही टाइमटेबल बघून येत नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली पॉवर आठपट, आणि त्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त कुठल्याच पात्याला काढता येत नाही, एवढं सांगून टेबल फॅनसमोर पाती बदलून बघायला लावा.

ग्रुप तिघांचाच ठेवा, जास्त झाले की एक जण राबतो. आणि मार्क वॅटला नाही, वहीतला आकडा आणि रीडिंग यातला फरक कोण नीट समजावतो त्याला द्या.