कॉमिकवर बोलताना बोट कुठे ठेवावे

कॉमिक वाचून झाल्यावर त्याविषयी चार माणसांत बोलायचे असेल, तर सर्वांत आधी ते कॉमिक सोबत न्यावे. कादंबरीवर आठवणीच्या भरवशावर बोलता येते. कॉमिकवर तसे बोलू गेल्यास माणूस नकळत नुसती गोष्ट सांगत सुटतो आणि चित्रे घरीच राहतात. मराठीत एखाद्या गोष्टीवर बोट ठेवणे म्हणजे तिच्यातले उणे नेमके दाखवणे. कॉमिकच्या बाबतीत हे बोट खरोखरच कागदावर ठेवता येते, उणे दाखवण्यासाठी आणि सरस दाखवण्यासाठीही, आणि ऐकण्याजोगे मत बहुधा त्या बोटापासूनच सुरू होते.

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या की रविवारी दुपारी दहा-बारा जण एका घराच्या पडवीत जमतात आणि अलीकडे वाचलेल्या कॉमिकांवर बोलतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजची मुले आहेत, एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, आहेत आणि ज्यांच्या पडवीत आम्ही बसतो त्या घरच्या आजीही आहेत. पुढच्या सूचना त्या पडवीत झालेल्या चुकांतून निघालेल्या आहेत, आणि त्यांतली पहिली चूक माझी आहे.

पहिल्याच बैठकीत मी एका जाडजूड चित्रकादंबरीची कथा पंचवीस मिनिटे सांगितली. माझ्यासमोर बसलेल्या मुलाने तेच पुस्तक आदल्या दिवशी माझ्याकडून वाचायला नेले होते, हे माझ्या लक्षातच आले नाही. मी शेवट सांगून मोकळा झालो, तेव्हा त्याने पिशवीतून पुस्तक काढले, त्यात खूण म्हणून घातलेले एसटीचे तिकीट खिशात टाकले आणि "काका, आता तुमच्याकडेच राहू दे" असे म्हणून ते माझ्या मांडीवर ठेवले. तेव्हापासून आमच्याकडे कथेला तीन वाक्ये मिळतात: नायक कोण, तो कुठे आहे आणि कशात अडकला आहे. तो कसा सुटला हे सांगायचे असल्यास आधी विचारावे, आणि एकानेही नको म्हटले तर गप्प बसावे. 'वन पीस'सारखी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९९७ पासून चालू आहे आणि तिचे शंभरावर खंड निघाले आहेत. अशा मालिकेवर बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपण कितव्या खंडापर्यंत आलो ते सांगावे आणि सर्वांत मागे असलेल्याच्या पुढे कोणी जाऊ नये. यात पुढे असलेल्यांची कुचंबणा होते हे खरे, पण त्यांनी ती सोसावी.

बोलण्यापूर्वी कॉमिक दोनदा वाचावे. पहिले वाचन कथेसाठी असते आणि ते कितीही वेगाने झाले तरी चालते. दुसऱ्या वाचनात मात्र संवादांचे फुगे झाकावेत. त्यासाठी पोस्टकार्डाचे कापलेले दोन तुकडे पुरतात. फुगे झाकल्यावरही कोण कोणावर रागावले आहे, कोण खोटे बोलत आहे आणि खोलीत आधी कोण आले हे कळत असेल, तर चित्रकाराने आपले काम केले आहे. याउलट चित्रात माणूस दार उघडताना दिसतो आणि फुग्यातही तो "आता मी हे दार उघडतो" असेच म्हणत असेल, तर चित्र आणि शब्द यांपैकी एकाची तेथे गरज नव्हती. हे त्या चौकटीवर बोट ठेवून सांगावे. "संवाद जरा जास्त आहेत" अशा मोघम वाक्याने ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

त्यानंतर दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीकडे पाहावे. आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना ही पट्टी समजावून देण्यासाठी परदेशी पुस्तकाकडे जाण्याची गरज नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथीची परंपरा चालवत आले आहेत. त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रे कथेच्या क्रमाने लावलेली असतात, अशा एका संचाला पोथी म्हणतात, आणि कथेकरी एकेक चित्र लोकांसमोर धरून गात-सांगत पुढे जातो. एक चित्र खाली ठेवून दुसरे उचलेपर्यंतचा काळ त्याचा आवाज भरून काढतो. कॉमिकमध्ये असा आवाज नसतो. तो काळ वाचणाऱ्याने स्वतः भरायचा असतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिककलेवर लिहिलेल्या पुस्तकात, जे स्वतःही कॉमिकच्याच रूपात आहे, याचे उदाहरण दिले आहे: एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली आहे, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर नुसती किंकाळी आहे, आणि मधला घाव वाचकाने घातलेला आहे. म्हणून एखादे कॉमिक रेंगाळते किंवा धावते असे वाटल्यास, कोणत्या दोन चौकटींमध्ये किती वेळ गेला हे मोजून दाखवावे. पाच चौकटींत एक जिना उतरून होतो आणि एका पट्टीत दहा वर्षे सरतात. ही वाटणी लेखक-चित्रकारांनी विचारपूर्वक केली की पाने संपत आली म्हणून केली, यावर आमच्या पडवीत एक अख्खी दुपार गेलेली आहे.

यानंतरची सूचना मी सर्वांत महत्त्वाची मानतो. मत देताना आपला धंदा आणि आपल्या हाताची जाण बाजूला ठेवू नये. गेल्या श्रावणात एका मुलाने चाच्यांच्या जहाजाचे कॉमिक आणले होते. त्यात दोन पानांवर पसरलेले एकच चित्र होते: उंच लाटा, शिडे ताणलेली, डोलकाठीवर काळा बावटा. सर्वांनी त्याची तारीफ केली. तांडेलांनी पुस्तक उजेडाकडे धरले, थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "वारो खयसून येता?" म्हणजे वारा कुठून येतो? कोणालाच प्रश्न कळला नाही. मग त्यांनी आधी शिडावर आणि नंतर बावट्यावर बोट ठेवले. शिडे नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, बाजूला फुगलेली होती, म्हणजे वारा मागून येत होता. बावटा मात्र मागच्या बाजूला फडफडत होता, म्हणजे तोच वारा समोरून येत होता. शिडाच्या जहाजावर मागचा वारा असेल तर बावटाही पुढेच उडायला हवा. ही चूकच आहे असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर कॉलेजात चित्रकला शिकणारी एक मुलगी म्हणाली की बावटा मागे उडाला म्हणूनच जहाज वेगात असल्याचे डोळ्यांना वाटते. तो पुढे काढला असता तर चित्र लंगडे झाले असते. दोघांचेही म्हणणे त्या एका पानावर तपासून पाहता येत होते, आणि माझ्या मते आजवरच्या आमच्या बैठकींतली ती सर्वांत चांगली वीस मिनिटे होती. जी शिंपीकाम करते तिने पोशाखाच्या चुण्या पाहाव्यात, जो गवंडी आहे त्याने किल्ल्याच्या भिंती पाहाव्यात. चित्रकलेतले आपल्याला काही कळत नाही, ही सबब आम्ही आता ऐकून घेत नाही.

जुन्या अंकांवर बोलताना ते पान कसे तयार झाले हे ठाऊक असणे उपयोगी पडते. इंद्रजाल कॉमिक्स ही भारतीय कॉमिकमालिका १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. तिच्यातला वेताळ हा ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला फँटम होय. त्याच्या कथा मूळच्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींनी छापल्या जाणाऱ्या चित्रपट्ट्यांच्या होत्या आणि अंकासाठी त्या कापून-जुळवून पानावर बसवल्या जात. रोजच्या चित्रपट्टीला कालची आठवण करून द्यावी लागते आणि उद्याची उत्सुकता लावावी लागते, म्हणून दर तीन-चार चौकटींनी कथेला ठसका लागल्यासारखे वाटते. हा दोष म्हणायचा असेल तर म्हणावा, पण कारण ठाऊक असताना म्हणावा. रंगांचेही तसेच आहे. फॉक यांच्या मनात नायकाचा पोशाख करडा होता. १९३९ साली रविवारच्या रंगीत पानावर तो जांभळा छापला गेला आणि पुढे तसाच राहिला. मूळ कथांतला त्याचा काल्पनिक देश बंगाला भारतीय अंकांत डेंकाली झाला. म्हणजे एकाच चौकटीमागे अनेकांचे हात असतात, आणि आपली तक्रार लेखकाविषयी आहे, चित्रकाराविषयी आहे, रंग भरणाऱ्याविषयी आहे की अनुवादकाविषयी, हे बोलणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवावे.

येथे थोडे विषयांतर होते, पण ते टाळवत नाही. आमच्याच तालुक्यात आरवलीचा वेतोबा हा ग्रामदेव आहे, आणि वेतोबा म्हणजे वेताळच. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो अशी श्रद्धा असून भाविक त्याला भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. पडवीतल्या आजींनी इंद्रजालचा अंक प्रथम पाहिला, तेव्हा हा जांभळा वेताळसुद्धा राखणच करतो असे नातवाने त्यांना सांगितले. आजींनी त्याच्या पायांकडे निरखून पाहिले आणि विचारले, "मगे हेका चपला कोणी दिल्यान?"

चित्रकाराचे नाव घेऊन बोलण्याची सवय लावून घ्यावी. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली 'अमर चित्र कथा' आमच्या पिढीने ढिगाने वाचली, पण ती चित्रे काढणारे राम वाईरकर किंवा प्रताप मुळीक ही नावे आम्हाला फार उशिरा कळली. मुळीकांनी पौराणिक आणि ऐतिहासिक कथाही चितारल्या आणि राज कॉमिक्सच्या नागराज या महानायकाचे १९८६ पासूनचे सुरुवातीचे अंकही चितारले. हे दोन्ही अंक शेजारी ठेवून तोच हात दोन प्रकारच्या कथांत काय करतो हे पाहणे, "चित्रे छान आहेत" असे दहा वेळा म्हणण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

फुग्याचा आकारसुद्धा बोलतो, हे आम्हाला 'भीमायन'ने शिकवले. डॉ. आंबेडकरांच्या चरित्रावरचे हे पुस्तक २०११ साली निघाले आणि त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी कलावंतांनी काढली आहेत. त्यात नेहमीच्या आखीव चौकटी नाहीत. मृदू बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात, तर विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह हा आपल्या कोकणातला इतिहास, शाळेत अनेकदा वाचलेला. तरी ती नांगी पाहिल्यावर आमच्या गुरुजींनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडले. ज्यांनी एकच पद्धतीची कॉमिके वाचली आहेत त्यांना "हे कॉमिकच नव्हे" असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणायचे असेल तर कॉमिक म्हणजे काय हे एका वाक्यात सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि ते वाक्य सोपे नाही.

वाद होतात, आणि ते बहुधा लहानपणीच्या लाडक्या अंकांवरून होतात. जुन्या पौराणिक अंकांत देव-नायक उजळ आणि राक्षस काळेसावळे का, किंवा जंगलातल्या लोकांचा तारणहार गोराच का, असे प्रश्न तरुण मंडळी विचारतात आणि आमच्या वयाच्या माणसांना ते स्वतःच्या बालपणावरच केलेले आरोप वाटतात. अशा वेळी आठवण आणि पान वेगळे करावे. तो अंक तुम्ही मामाच्या गावी माळ्यावर बसून आमसुले चोखत वाचला होता, ही आठवण कोणी हिरावून घेत नाही. पण समोर उघडलेल्या पानावर काय छापले आहे, ते आज पाहावेच लागते. प्रश्न विचारणाऱ्यानेही एका अंकावरून सगळ्या मालिकेचा निकाल लावू नये.

मांगा दाखवताना नवख्या माणसाच्या हातात ती उजवीकडून उघडून द्यावी आणि चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात हे सांगावे, अन्यथा तो शेवटापासून वाचतो आणि कथा विचित्र आहे असे मत देतो. फोनवर वाचलेल्या कॉमिकविषयी बोलताना तसे सांगून टाकावे, कारण फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचणाऱ्याला संपूर्ण पानाची मांडणी दिसलेलीच नसते.

आता सांभाळण्याविषयी. खाऱ्या दमट हवेत अंकाच्या पिना गंजतात आणि मधल्या पानांवर तपकिरी डाग उतरतो. गुळगुळीत कागद ओलसर झाला की पाने एकमेकांना चिकटतात आणि ओढून सोडवू गेल्यास चित्रच निघून येते. म्हणून अंक प्लास्टिकच्या पिशवीत आणावा, भजी आधी खाऊन घ्यावीत, हात धुऊन पुसावेत आणि मगच पिशवी उघडावी. कोकम सरबताचे पेले पायरीवर ठेवावेत.

बोलून झाल्यावर वहीत नोंद करावी. शीर्षक, भाषा, लेखक, चित्रकार, ज्या चौकटीवर बोट ठेवले ते पान आणि हे कॉमिक पुढे कोणाला द्यावेसे वाटते, एवढे पुरे. अनेक अंकांवर पानांचे आकडे नसतात, तेव्हा ती मोजून लिहावी. कोणी काय वाचायला नेले तेही त्याच वहीत लिहावे आणि गणपतीपूर्वी सर्व अंक परत मागवावेत, कारण गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की त्यांच्या बॅगांतून नवे अंक येतात आणि जुने त्याच बॅगांतून निघूनही जातात. आमच्या वहीत सध्या एकच नोंद थकलेली आहे. जहाजाचे ते कॉमिक गेल्या श्रावणापासून तांडेलांकडे आहे, आणि ते मागितले की ते म्हणतात, "अजून दोन पानांवरचो वारो बघूचो आसा."